तुम्ही पुढे, मी मागे

अशोका गार्डन, भोपाळ
१९ नोव्हेंबर २०२४

सौ. सिंधूस,

दादाचा आशीर्वाद, आणि आधी सगळ्यांची हजेरी घेतो. तुझ्या गुडघ्यांचं काय? जिना उलटा उतरतेस असं तुझा आशिष दिवाळीत सांगत होता, अजून तसंच चाललंय का? विश्वनाथरावांची साखर कुठवर आली? त्यांनी सकाळचं फिरणं सोडलं असेल तर माझं नाव सांगून त्यांना घराबाहेर काढ. आशिषची पाठ कशी आहे? सूनबाई तन्वीचा खोकला गेला की सुंठ पाठवू?

माझं म्हणशील तर कान सोडून सगळं चालू आहे. कानातलं यंत्र शिट्टी वाजवतं म्हणून ते ड्रॉवरमध्ये ठेवलंय. तिथं ते निवांत आहे आणि मीही. फोनवर तू ओरडणार, मी भलतंच उत्तर देणार, त्यापेक्षा आपलं हे बरं.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. आपल्या जयंतचं पुण्याहून पत्र आलंय. चार पानं, आणि मजकूर एका पानाचा. कॉम्प्युटरवर अक्षरं एवढी मोठी छापलीत की स्टेशनवरची पाटी वाचतोय असं वाटावं. म्हणजे बापाला दिसत नाही हे त्यानं ठरवूनच टाकलंय. मोतीबिंदू काढून तीन वर्षं झाली माझे. सुईत दोरा मी ओवतो.

पत्रात बेत असा, की जानेवारीत तो येणार, आणि एका दिवसासाठी आम्ही दोघांनी सकाळच्या पॅसेंजरनं सलामतपूरला जायचं. सायकली गाडीच्या सामानाच्या डब्यात टाकायच्या. तिथं उतरून खेड्यांमधून, टेकडी चढून, कच्च्या रस्त्यानं सतधाऱ्याच्या स्तूपांपर्यंत आठ-नऊ किलोमीटर सायकल चालवायची, नदीकाठी भाकरी खायची आणि परत. सायकलीही साध्या नाहीत, डोंगरात चालवायच्या, जाड टायरच्या, गिअरवाल्या. साकेत नगरात त्याचा शाळेतला दोस्त जितेंद्र अशा सायकली भाड्यानं देतो म्हणे.

वाचून मला आनंद झाला. तो अर्धं पान टिकला.

मग विचार केला. पुण्यात ह्याचा सायकलवाल्यांचा गट आहे, दर रविवारी डोंगरात जातात. त्यांच्याबरोबर आता जात नाही असं लिहितो. का, ते लिहीत नाही. तुझी वहिनी गेल्यापासून सहा वर्षांत जो मुलगा इथं दोन दिवसांवर तिसरा दिवस राहिला नाही, त्याला एकाएकी बाहत्तर वर्षांच्या बापाबरोबर टेकड्या चढाव्याशा वाटतात. वर लिहितो, “सगळा रस्ता तुम्ही पुढे, मी मागे.” मागे राहून बघणार काय? बाप डगमगतो किती, धापा टाकतो किती, उतारावर ब्रेक वेळेत दाबतो की नाही. सिंधू, चौतीस वर्षं मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली. गोणी न सोडता आत काय आहे ते सांगायचो. ह्या गोणीत सायकल नाही.

मला वाटतं, ही परीक्षा आहे. नापास झालो की पुण्याला न्यायचं आणि ह्या घराला कुलूप. वहिनी गेली तेव्हा दोनदा विचारून झालंय, दोनदा मी नाही म्हणालोय. आता सरळ विचारायचं सोडून आवळा देऊन कोहळा काढायचा बेत दिसतो. आणि सायकल बघायला म्हणून साकेत नगरलाच का? शेजारी एवढा मोठा दवाखाना आहे तिथं. एकदा तिकडे नेलं की “बाबा, आलोच आहोत तर”, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो.

तो तुला फोन करतो हे मला माहीत आहे. काही ठाऊक असेल तर सरळ लिही, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

तुझा,
बाळूदादा


धरमपेठ, नागपूर
२७ नोव्हेंबर २०२४

दादा,

पाया पडते. तुझ्या हजेरीला सगळे हजर आहेत. गुडघे तसेच, साखर तशीच, आशिषची पाठ बरी, आणि तन्वीचा खोकला आता माझ्याकडे आलाय. सुंठ नको, तुझ्या हातची तिखटमिठाची बोरं पाठव.

तू म्हणजे ना दादा, देवळात नारळ फुटला तरी तो कोणावर फुटला ते विचारशील. पोरगा बापाबरोबर एक दिवस काढायचा म्हणतोय, तर ह्याला त्यात दवाखाना दिसतो. परक्याच्या गोण्या ओळखत जन्म गेला, आता घरातली माणसंही गोणीसारखी दाबून बघतोस का?

पुण्याला नेण्याचं माझ्या कानावर काही नाही. देवाशपथ नाही. आणि त्यात धोका तरी काय आहे? रस्ता रिकामा, थंडीचे दिवस, तू पिवळा सदरा घालून पुढे जाशील, अंधार पडायच्या आत घरी परत. जा आणि ये. वहिनी असती तर तिनंच दशम्या बांधून दिल्या असत्या आणि वर म्हणाली असती, “निघा एकदाचे, मला घर आवरू द्या.”

आमचे “हे” म्हणतात, बाळूदादांना सांग, मी फिरतो रोज. खोटं बोलतात.

सिंधू


अशोका गार्डन, भोपाळ
४ डिसेंबर २०२४

चि. जयंत,

उत्तराला उशीर झाला, कारण मी चौकशी करत होतो. ती आता पूर्ण झाली आहे.

तुझ्या पत्रात दोन अटी होत्या. मी पिवळा सदरा घालायचा, आणि अंधाराआधी आपण घरी पोचायचं. ह्या दोन्ही अटी मी कोणालाही सांगितल्या नव्हत्या, कारण मला त्यांची लाज वाटली. पिवळा सदरा जत्रेत हरवू नये म्हणून लेकराला घालतात. आणि तरीही नागपूरहून सिंधूआत्याच्या पत्रात पिवळा सदराही आला आणि अंधारही आला. मी धाडलेल्या प्रत्येक पत्राची कार्बन ठेवतो, हे तुम्ही दोघंही विसरलात. एकोणीस तारखेची प्रत काढून तीनदा वाचली. त्यात सदरा नाही. म्हणजे तुझं आणि तिचं आधी बोलणं झालंय, आणि मला त्यातून बाहेर ठेवलंय.

मग मी बसनं साकेत नगरला गेलो, जितेंद्रच्या दुकानात. सायकली चांगल्या आहेत, खोटं का बोलू. पण तो म्हणाला,

“अंकल, जयंत बोला है आपकी सायकल के पीछे चमकनेवाली लाल पट्टी लगाना.”

“मेरी के पीछे? उसकी के पीछे नहीं?”

“नहीं, आपकी. दो बार बोला.”

“क्यों?”

“अब वो आप बाप-बेटे जानो. चाय पियो.”

मला ऐकू यावं म्हणून तो हे सगळं ओरडून सांगत होता. अर्ध्या साकेत नगरानं ऐकलं, की अशोका गार्डनच्या जोशीबुवांच्या पाठीवर लाल पट्टी लावायची आहे. ट्रकच्या मागे लावतात तशी.

जयंत, मी सरळ लिहितो. माझी तपासणी करायची असेल तर तसं सांगून ये. मी दार उघडीन, चहा देईन आणि नाही म्हणेन. पण सहलीच्या नावाखाली मला पुढे घालून, मागून माझी चाल बघणार, मग घरी मंजूषाला आणि नागपूरला आत्याला अहवाल देणार, हे मला चालणार नाही. तुझ्या आईनं ह्या घराच्या खिडक्यांना स्वतः रंग दिलाय. रोज सकाळी मी काळी सायकल काढून भाजी आणतो. गाडीच्या आवाजावरून वेळ सांगायचो, तेवढं आता जमत नाही, बाकी माझं कुठंही अडत नाही. मी पुण्याला येणार नाही.

सलामतपूरला तू एकटा जा.

मंजूषाला आणि अबोलीला आशीर्वाद.

बाबा


पुणे
१३ डिसेंबर २०२४

ती. बाबांना,

तुमचं पत्र मिळालं.

मी तुम्हाला तपासायला येणार नव्हतो. पण तुम्हाला तसं वाटलंय, म्हणजे आता मी काहीही लिहिलं तरी त्यात तेच दिसणार. त्यामुळे जास्त लिहीत नाही.

जानेवारीची तिकिटं रद्द केली आहेत. जितेंद्रलाही कळवलं. आत्यावर रागावू नका, तिचा ह्यात काही दोष नाही.

पिवळ्या सदऱ्याबद्दल माफ करा. तुम्हाला तो असा लागेल हे माझ्या लक्षात आलं नाही.

अबोलीनं तुमच्यासाठी लोकरीची टोपी विणली आहे. ती वेगळी पाठवतो.

जयंत


अशोका गार्डन, भोपाळ
२० डिसेंबर २०२४

सिंधू,

सगळे बरे असतील असं धरून चालतो. विचारायला आज जीभ धजत नाही, कारण तुझ्यावर रागावलो आहे.

जयंतनं बेत रद्द केला. म्हणजे माझंच खरं निघालं. पकडला गेला, म्हणून माघार घेतली. जिंकलो असं म्हणायला हरकत नाही. पण परवापासून त्याचं पत्र पुन्हापुन्हा काढून बघतोय, आणि ते काही टोपीमुळे नाही. टोपी छान आहे, कानांवर थोडी सैल आहे.

एक गोष्ट तुला विचारतो. पत्र पुन्हा छापलेलंच, पुन्हा तेवढ्याच मोठ्या अक्षरात. खाली सही मात्र पेनानं केली आहे. ती सही कोऱ्या जागेत नाही. छापलेल्या शेवटच्या ओळीवर चढली आहे, “टोपी” ह्या शब्दावर. खाली चार बोटं जागा मोकळी असताना. जयंतची सही लहानपणापासून मोजूनमापून असायची. घाईत केली असेल, किंवा रागानं. पण रागानं केलेली सही दाबून केलेली असते, कागदावर मागून उमटते. मी बोट फिरवून बघितलं. ही हलक्या हातानं केलेली आहे, चाचपडत केल्यासारखी.

मला हे बरं वाटत नाही. तुला काय माहीत आहे ते लिही. ह्या वेळी मी भांडायला विचारत नाही.

बाळूदादा


धरमपेठ, नागपूर
२६ डिसेंबर २०२४

दादा,

तुझं पत्र वाचून यांना म्हटलं, आता नाही राहवत. त्यांनीही मान हलवली. जयंतनं मला अबोलीची शपथ घातली होती. ती मी आज मोडतेय, पाप लागायचं तर मला लागू दे.

जयंतला नीट दिसत नाही, दादा.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. आत्या, आपल्या घरात संध्याकाळनंतर कोणाला दिसायचं नाही असं होतं का? डॉक्टरांनी विचारलंय, म्हणाला. मी आपल्या भालचंद्रकाकांचं सांगितलं. आठवतं का, दिवेलागण झाली की भिंत धरून चालायचे, आणि आपण पोरं त्यांना भित्रे म्हणून चिडवायचो. ते भित्रे नव्हते रे. तोच आजार आहे. मधलं दिसतं, तेही धूसर, आणि कडेचं जात चाललंय, जसं नळकांड्यातून बघावं. रात्री जवळजवळ नाहीच. उन्हातून एकदम सावलीत गेला की क्षणभर डोळ्यांपुढे काही राहत नाही. औषध नाही म्हणतात. पाच वर्षं टिकेल, पंधराही टिकेल, कोणी सांगू शकत नाही.

जुलैत तो डोंगरात सायकलवरून पडला. पायवाटेची कड दिसली नाही. गटाला सांगितलं, पाठ धरली आहे. तेव्हापासून त्यांच्याबरोबर जात नाही. मोटार चालवणं बंद केलंय. दिवाळीत तुझ्याकडे रेल्वेनं आला आणि गाडी दुरुस्तीला टाकली आहे असं म्हणाला, ते तू खरं मानलंस. तेव्हा तुझा संशय कुठं गेला होता, दादा? पत्रातली अक्षरं तुझ्यासाठी मोठी नव्हती. त्याला स्वतःला तेवढीच वाचता येतात. पिवळा सदरा, लाल पट्टी, सगळं त्याला तू दिसावास म्हणून होतं.

मी त्याला म्हटलं, अरे, मग म्हाताऱ्याबरोबर कशाला, घरी बस. तर काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते. “आत्या, बाबांच्या मागे चालवताना मला रस्ता बघावा लागत नाही. ते कधी एकदम वळत नाहीत, एकदम थांबत नाहीत. त्यांची पाठ दिसली की पुरतं. दिसतंय तोवर एकदा टेकडी चढून यायची आहे.” आणि तुला तो तिथंच सांगणार होता, नदीकाठी, जेवण झाल्यावर. घरात सांगितलं तर बाबा आईच्या फोटोकडे बघत बसतील, म्हणाला.

ती तिकिटं रद्द करून त्यानं आपली सायकल कापडात गुंडाळून ठेवली असं मंजूषा सांगत होती.

दादा, साप साप म्हणून तू भुई धोपटलीस. मीही धोपटू दिली, माझीही चूक आहे. आता काय करायचं ते तू बघ. तुला ऐकू येत नाही, त्याला कडेचं दिसत नाही. मागून ट्रॅक्टर आला तर तो ओरडेल आणि तू विचारशील, “चहा झाला का?” तरी तुम्ही दोघांनी जावं असं मला वाटतं.

सिंधू


अशोका गार्डन, भोपाळ
१५ जानेवारी २०२५

चि. जयंत,

अनेक आशीर्वाद. मंजूषाची कंबर कशी आहे? शाळेत उभं राहून शिकवू नको म्हणावं, खुर्ची असते ती कशाला. अबोलीचं ड्रॉइंग चालू आहे ना? तिला सांग, टोपीला आतून एक टाका घातला, आता कानांवर बसते. आणि तुझे डोळे कसे आहेत?

सिंधूनं मला सांगितलं. तिला बोलू नकोस, मीच तिच्याकडून काढून घेतलं. तुझ्या सहीवरून मला शंका आली होती. महिनाभरात तेवढी एकच शंका बरोबर ठरली, आणि तीही उशिरा.

माफी कशी मागतात ते मला नीट लिहिता येत नाही. तुझी आई होती तेव्हा मी रुसलो की घरातल्या सगळ्या सायकलींना तेल घालायचो, आणि ती समजायची. ह्या वेळी तेल घालायला तुझी सायकल इथं नाही. म्हणून दुसरं काम केलं.

परवा, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, मी सलामतपूरला जाऊन आलो. एकटा. काळी सायकल घेऊन.

तिकीट काढलं आणि गाडीच्या तासभर आधी सायकल पार्सल ऑफिसात नेली. आता तिथं सगळी नवी माणसं आहेत. हँडल वळवून बांधलं, दोन लेबलं लावली, एक हँडलला आणि एक सीटखाली, कारण एक नेहमी फाटतं. तिथला बाबू माझ्या गाठीकडे बघून म्हणाला, “चाचा, ये गाँठ तो पुराने लोग बाँधते थे.” मी म्हटलं, “पुराना ही हूँ.” एक गोष्ट ध्यानात ठेव. सलामतपूरला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते, आणि सामानाचा डबा फलाटाच्या पार टोकाला येतो. आपण मधल्या डब्यात बसलो तर धावावं लागेल. मी धावलो. माझी सायकल पुढच्या सांची स्टेशनला जाता जाता राहिली. आपण शेवटच्या डब्यात बसू. खाली मी उतरणार, वरून तू सायकली देणार.

आता रस्ता सांगतो. शांतपणे वाच, मंजूषाकडून वाचून घे, आणि दोनदा वाच. अंतर मी माझ्या उजव्या पायाच्या पॅडलनं मोजलंय.

स्टेशनातून बाहेर आलं की डावीकडे. पहिले दोनशे दहा पॅडल डांबर, गर्दी नाही, कुत्री आहेत पण आळशी. मग एक पांढरा रंगवलेला पूल, त्याला कठडा फक्त उजवीकडे आहे. म्हणून तिथं उजवीकडे राहायचं. पुलानंतर डांबर संपतं, मुरूम लागतो. तिथून चारशे पॅडल हरभऱ्याची शेतं. बांध रस्त्याच्या पातळीला आहेत, कडेला खड्डा कुठंही नाही. चुकून खाली गेलास तर हरभऱ्यात जाशील. मी मुद्दाम जाऊन बघितलं. शेताचा मालक माझ्याकडे बघत उभा होता.

“दादाजी, क्या गिन रहे हो?”

“रास्ता.”

“रास्ता तो एक ही है.”

त्याला पटवायला गेलो आणि आकडा चुकला. परत पुलापर्यंत जाऊन पहिल्यापासून मोजलं. दुसऱ्या वेळी त्यानं हिरवा हरभरा दिला आणि काही विचारलं नाही.

पुढे गाव, पाण्याची टाकी, टाकीनंतर डावा फाटा. तिथून चढ. चढावर दगड सुटे आहेत, पण मधोमध ट्रॅक्टरच्या चाकाची चाकोरी आहे, तीत चाक ठेवलं तर दगड लागत नाही. मी तीन वेळा उतरून ढकलत गेलो आणि धापा टाकत एका म्हशीशेजारी बसलो. परीक्षा घेतली असतीस तर नापासच होतो. त्या सायकलीला गिअर नाही, हे लिहून ठेव.

चढ संपला की सागाचं रान. ही जागा महत्त्वाची. उन्हातून एकदम सावलीत शिरतो रस्ता, आणि शिरताच उतार आहे. इथं सायकलवर बसायचं नाही. आपण दोघं उतरू, सावलीत दोन मिनिटं थांबू, मग चालत जाऊ. मला धार मारायला थांबायचं असतं असं समज, माझ्या वयाला ते शोभतं. एकशे साठ पावलं चाललं की पुन्हा ऊन, आणि तिथून खाली नदी दिसते. तिथं मी अर्धा तास बसलो. बसून मी तू जे सांगणार होतास ते स्वतःला सांगून बघितलं. दोनदा. म्हणजे तू सांगशील तेव्हा मी नीट ऐकीन. परतीची गाडी तीननंतर आहे. संध्याकाळ व्हायच्या आत मी भोपाळला उतरलो होतो, तेव्हा तीही काळजी नको.

कानातलं यंत्र घालून गेलो होतो. शिट्टी वाजवतं, पण ट्रॅक्टर ऐकू येतो. तू मागून हाक मारलीस तर तीही येईल.

जितेंद्रला सांगितलं, पट्टी लाव, आणि रुंद लाव. पिवळा सदरा सापडला. तुझ्या आईनं घेतलेला, मी एकदाही घातला नव्हता. पोटावर बसतोय.

तारीख तू ठरव, पण उन्हं तापायच्या आत ठरव. फेब्रुवारीत पळस फुलेल. लाल रंग तुला लांबून दिसतो की जवळून, ते मला माहीत नाही. मला असलं काहीच माहीत नाही. काय दिसतं, काय दिसत नाही, कोणत्या बाजूनं कमी, ते एकदा सविस्तर लिही, म्हणजे मला पुढे चालवताना कळेल कुठं घंटी द्यायची. छापू नकोस, हातानं लिही. ओळीवर ओळ चढली तरी चालेल. भिजलेली, पुसलेली लेबलं वाचून मी चौतीस वर्षं सामान बरोबर घरी पोचवलंय.

आणखी एक. पुण्याला ये असं तू ह्या वेळी म्हणालाच नव्हतास. प्रश्न मीच काढला आणि नाहीही मीच म्हणालो. तू खरंच विचारलंस तर मी काय सांगेन, ते आज मलाही ठाऊक नाही. तू विचारून बघ. आत्याला नको, मला विचार.

पोस्टमन आमच्या गल्लीत अकराला येतो. उद्यापासून मी साडेदहालाच दारात खुर्ची टाकून बसणार आहे. लवकर लिही.

तुझे,
बाबा